घर आणि पाच गुंठे, दोन्ही सांभाळताना पार दमतेय. नेमकं कुठे चुकतंय?

ओंजळभर_माती

नमस्कार मंडळी. बरेच महिने इथे नुसतं वाचतेय, लिहितेय पहिल्यांदाच, त्यामुळे थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

दीड वर्षापूर्वी नोकरी सोडली. कुणी सोडायला लावली नाही, मलाच घर आणि घरामागची जागा नीट बघायची होती. जागा पाच गुंठे, घरात माणसं चार, आम्ही दोघं, सासूबाई आणि आठ वर्षांचा मुलगा. मनात एवढंच होतं की जमेल तितकं खाणं आपल्या मातीतलं असावं, स्वयंपाकघरातला ओला कचरा घराबाहेर जाऊ नये आणि विकतचं सामान हळूहळू कमी होत जावं.

गेल्या महिन्यात काय झालं ते सांगते. टोमॅटोची चाळीस रोपं एकाच दिवशी लावली होती, ती एकदमच पिकली. दहा-बारा दिवसांत पन्नास किलोच्या वर माल निघाला, ओट्यावर टोमॅटो, खिडकीत टोमॅटो, पलंगाखाली पेपर पसरून टोमॅटो. शेजारीपाजारी वाटले, रात्री अकरापर्यंत उभी राहून आटवले, तरी बरेचसे सडलेच. शेवटची दोन घमेली खताच्या ढिगावर ओतून आले तेव्हा रडूच आलं, कारण त्यातल्या एकेका रोपाला मी स्वतः काठी बांधली होती. आणि त्याच्या आधीचे दोन महिने बागेत तोडायला काहीच नव्हतं, भाजी विकतच आणत होतो.

खताच्या ढिगाला तर इतका वास येतो की सासूबाई मागचं दार उघडू देत नाहीत, आणि त्यांचं चूक नाहीये.

परवा नवरा म्हणाला, "तू नोकरी करत होतीस तेव्हापेक्षा जास्त दमतेस आता, मग याला टिकाऊ जगणं कसं म्हणायचं?" टोमणा नव्हता तो, काळजीने विचारलं त्याने. पण मला उत्तर देता आलं नाही, तेव्हापासून तेच डोक्यात आहे. बाग सोडायची नाहीये मला. ज्यांनी बरीच वर्षं हे केलंय त्यांनी सांगा, घर आणि बाग दोन्ही कसं जमवता?

परसदार

अगं, तू बाग लावलीस विकणाऱ्यासारखी आणि खायची आहे घरासारखी, एवढंच झालंय. विकणाऱ्याला माल एकदम यावा लागतो, एक फेरी, एक गाडी, काम संपलं. घराला रोज थोडं थोडं लागतं. चाळीस रोपं एका दिवशी लावणं ही त्याची पद्धत झाली, आपली नाही.

मी तीस वर्षं परसबाग करतेय आणि माझी सुरुवात बागेतून होत नाही, ओट्यावरून होते. एक वही घे आणि पंधरा दिवस रोज काय शिजलं, किती शिजलं आणि किती उरून टाकलं एवढंच लिही. मग त्या वहीवरून पेर. पालेभाजी दर पंधरा दिवसांनी दोन ओळी, जास्त नाही. घेवडा तीन-तीन आठवड्यांनी. टोमॅटोची सहा-आठ रोपं लाव, मग महिन्याने परत सहा-आठ. आणि जात बघून घे, बुटकी झुडपासारखी जात असते ती दोन-तीन आठवड्यांत सगळं देऊन मोकळी होते, वेलासारखी उंच वाढणारी असते ती महिनोन्‌महिने थोडं थोडं देत राहते. बियाण्याच्या पाकिटावर लिहिलेलं असतं. तुझी बहुतेक बुटकी असणार.

आता ढीग. वास कसला येतोय ते आधी नाकाने ठरव. डोळ्यांना झोंबणारा, अमोनियासारखा असेल तर ओलं-हिरवं जास्त झालंय आणि सुकं कमी. कुजक्या अंड्यासारखा असेल तर आत हवा नाही, सगळं चिकटून बसलंय. दोन घमेली टोमॅटो ओतलेस म्हणजे हा अंड्यासारखाच वास असणार, टोमॅटो म्हणजे नुसतं पाणी. कर्ब पंचवीस-तीस भाग आणि नत्र एक भाग असं प्रमाण पुस्तकात असतं, पण ते तोलत कोण बसणार, मी एक घमेलं ओल्या कचऱ्यावर दोन-तीन घमेली सुका पाला टाकते आणि वरचा थर कायम सुक्याचाच ठेवते, उघडं ओलं दिसलं की माश्या आल्याच. सगळा ढीग एकदा उपसून परत रच, मध्ये काटक्या घाल म्हणजे हवा खेळेल. मूठभर घेऊन दाबून बघ, एखाद-दोन थेंब आले तर बरोबर, धार लागली तर अजून पाला हवा, काहीच नाही आलं तर पाणी शिंपड.

आणि ढीग लांबी-रुंदी-उंचीला साधारण एकेक मीटर तरी हवा, त्याहून लहान असला की आतली ऊब टिकत नाही. माझ्याकडे थर्मामीटर नाही. एक लोखंडी गज मधोमध खुपसून ठेवते, दहा मिनिटांनी काढते, हातात धरवला नाही म्हणजे ढीग तापलाय. ५५ अंशांच्या वर काही दिवस राहिला की तणाचं बी आणि बरेचसे रोगजंतू मरतात, पण बाहेरची कड गारच असते म्हणून उलथापालथ करायची, कडेचं आत आणि आतलं कडेला.

सासूबाईंना दार उघडायला आठ दिवसांत काही वाटणार नाही बघ.

आकडेमोड

परसदार काकूंनी सांगितलं ते सगळं बरोबर. मी फक्त हिशोब मांडतो, कारण मला वाटतं ताईंच्या मनावर "सगळं घरचं" हे ओझं आहे आणि ते ओझं पाच गुंठ्यांना झेपणारं नाही, त्यात ताईंचा काही दोष नाही.

माणसाला दिवसाला ढोबळ २२०० कॅलरी धरल्या आणि त्यातल्या निम्म्या धान्यातून आल्या तर रोज साधारण ३२० ग्रॅम धान्य लागतं. चार माणसं, वर्षभर, म्हणजे ४७० किलोच्या आसपास. गव्हाचं जागतिक सरासरी उत्पादन हेक्टरी साडेतीन टनांच्या घरात आहे, म्हणजे चौरस मीटरला ३५० ग्रॅम. भागाकार करा, साडेतेराशे चौरस मीटर लागतात, तेरा गुंठ्यांच्या वर, ते पण नुसत्या धान्याला. मळणी-पाखडणीची मेहनत वेगळीच.

आता भाजीकडून बघा. जागतिक आरोग्य संघटना माणशी रोज किमान ४०० ग्रॅम फळं-भाज्या खा म्हणते. चौघांचे वर्षाला ५८० किलो झाले. माझ्या वाफ्यांतून वर्षाला चौरस मीटरमागे दोन किलो आरामात निघतात, म्हणजे जवळपास ३०० चौरस मीटर, तीन गुंठे. उरलेल्या दोनात पायवाटा, खताचा ढीग, दोन-चार फळझाडं. म्हणजे भाजीत तुमचं घर जवळजवळ स्वतःचं स्वतः भागवू शकतं. धान्य, तेल, साखर बिनदिक्कत विकत आणा आणि त्याची खंत करू नका. बागेतून ते काढायचं जे ताजं लागतं, पटकन नासतं आणि लांबून आणलं तर निम्मं वाटेतच मरतं.

दुसरं म्हणजे, संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने मोजलंय की २०२२ मध्ये जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं, सालं-हाडं धरून, आणि त्यातलं ६० टक्के घरांमधून गेलं, हॉटेलं-दुकानं मिळून बाकीचं. मला हा आकडा वाचल्यावर फार वाईट वाटलं होतं पण धीरही आला, कारण याचा अर्थ असा की फ्रिजमध्ये कोपऱ्यात काय पडलंय हे ज्याच्या लक्षात असतं तो माणूस पर्यावरणाचं तेवढंच काम करतोय जेवढं कुदळ घेऊन उभा असलेला करतो. स्वयंपाकघर हा बागेचाच एक वाफा आहे, मी तरी असंच धरतो.

लिंबोणी

ताई एवढे टोमॅटो गेले वाचून जीव तुटला. मी शेंगा, मका, गाजर जास्त झालं की उकळून गरम गरमच काचेच्या बरणीत भरते आणि झाकण घट्ट लावून कपाटात ठेवते, चार महिने काही होत नाही, करून बघा सोपं आहे

बरणीवाली

लिंबोणी, प्लीज, ते कपाटातलं आजच काढून टाका, चव बघू नका, शेंगा-मका-गाजर तर अजिबात नाही. रागावून लिहीत नाहीये, घाबरून लिहितेय.

क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाचा जिवाणू मातीत असतोच, मातीतून भाजीवर येतो. त्याचे बीजाणू शंभर अंशांवर उकळून मरत नाहीत. बरणी घट्ट बंद केली की आत हवा नाही, आंबटपणा नाही, आणि खोलीतली ऊब आहे, म्हणजे त्याला हवं ते सगळं आपणच दिलं. तो जे विष तयार करतो ते अतिशय थोडं पुरतं, आणि भाजीला वास-रंग काहीच बदललेला नसू शकतो. म्हणून "आजवर काही झालं नाही" याच्यावर विसंबू नका. कमी आंबट भाज्या बाटलीबंद करायच्या तर प्रेशर कॅनरच लागतो, वाफेच्या दाबाखाली ११६ ते १२१ अंश, भाजीप्रमाणे आणि बरणीच्या मापाप्रमाणे ठरलेली मिनिटं. आपला रोजचा छोटा कुकर त्या कामाचा नाही. तेलात बुडवलेला कच्चा लसूण बाहेर ठेवणं, त्यातही हाच धोका.

सीमारेषा आहे पीएच ४.६. पीएच म्हणजे आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट. त्याखाली हा जिवाणू वाढत नाही. टोमॅटो नेमका त्या रेषेवर बसलेला असतो, कधी खाली कधी वर, म्हणून बाटलीत भरायचा तर लिंबूरस किंवा सायट्रिक ॲसिड मोजून घालतात, अंदाजाने नाही.

मग करायचं काय, तर सोप्या वाटा आहेत. वाळवणं, पातळ चकत्या करून, कडक होईपर्यंत, मोडली की कट्कन आवाज आला पाहिजे. फ्रीझर, पालेभाजी दोन मिनिटं उकळत्या पाण्यात, लगेच गार पाण्यात, पिळून, चपटी पाकिटं करून. आणि मिठात आंबवणं, हे माझं सगळ्यात आवडतं. भाजीच्या वजनाच्या दोन ते अडीच टक्के मीठ, म्हणजे किलोला २० ते २५ ग्रॅम, वजनकाट्यावर मोजून. कोबी चिरून मीठ लावून हाताने चुरत बसा, पाच मिनिटं काहीच होत नाही आणि मग एकदम बोटांमधून पाणी सुटायला लागतं, तो क्षण मला अजूनही फार आवडतो. बरणीत दाबून भरा, भाजी त्या पाण्याखालीच राहिली पाहिजे, वर वजन ठेवा, दिवसातून एकदा झाकण सैल करा. दोन-तीन दिवसांत बुडबुडे येतात, आठवड्यात आंबट होते. आंबवताना आंबटपणा लवकर वाढतो म्हणून ती सुरक्षित, उकळून बंद केलेली नाही, हा फरक लक्षात ठेवा.

लिंबोणी

बाप रे, मला खरंच माहीत नव्हतं. आठ बरण्या होत्या, सगळ्या काढल्या. थँक्यू बरणीवाली ताई

रात्रपाळी

मी पुरुष आहे, बायको बाहेर नोकरी करते, मी रात्रपाळीचं काम अर्धवेळ करतो आणि घर, लहान मुलगी आणि नऊ वाफे माझ्याकडे आहेत. म्हणून ताईंच्या नवऱ्याने विचारलेला प्रश्न मला दोन्ही बाजूंनी कळतो.

मला वाटतं प्रश्न अगदी योग्य आहे. मातीबद्दल आपण म्हणतो की जेवढं घेतलं तेवढं परत दिलं पाहिजे, नाहीतर ती थकते. हा नियम घरातल्या माणसाला का लावत नाही आपण? पहाटे पाचला उठून रात्री अकरापर्यंत एकच माणूस उभा असेल तर ती पद्धत त्या माणसाच्या शरीरातून काढून चाललीय, आणि ते कुठल्याच हिशोबात दिसत नाही. हे घराघरात आहे, आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०१८ मध्ये मांडलं होतं की जगात रोज १६४० कोटी तास बिनपगारी देखभालीचं काम होतं आणि त्यातलं ७६ टक्के बायका करतात. राष्ट्रीय उत्पन्न मोजायचे जे आंतरराष्ट्रीय नियम आहेत त्यात घरी खायला पिकवलेला टोमॅटो उत्पादन म्हणून धरायला सांगितलंय, पण तोच टोमॅटो चिरून शिजवून चौघांना वाढण्याचं काम धरत नाहीत. न्यूझीलंडच्या मेरिलिन वॅरिंग यांनी १९८८ मध्ये यावर अख्खं पुस्तक लिहिलं. मी घर हातात घेतलं तेव्हा मला ते पहिल्यांदा अंगावर आलं, दिवसभर काम करून संध्याकाळी "आज काय केलंस" याला उत्तर नसायचं.

आम्ही काय केलं तर एक आठवडा तासांची नोंद ठेवली, दोघांनी, कुठलं काम, किती वेळ. त्यात कळलं की माझा बागेतला सगळ्यात जास्त वेळ खुरपणीत आणि पाणी घालण्यात जातो. दोन्हीला एकच उपाय निघाला, आच्छादन. रोपांच्या मध्ये आठ-दहा सेंटिमीटर सुका पाला नाहीतर गवत, खोडाला चिकटू न देता. उघडी माती उन्हात तापते, सुकते आणि तणाचं बी उजेड मिळाला की उगवतं, झाकली की दोन्ही थांबतं. पहिल्या महिन्यात काही वाटलं नाही, नंतर खुरपं आठवड्यातून एकदाच हातात घेतलं.

जपानचे नैसर्गिक शेती करणारे मासानोबु फुकुओका यांची एक सवय मला फार उपयोगी पडली, प्रत्येक कामाला विचारायचं की हे नाही केलं तर काय होईल. पण त्यात त्यांनीच एक चूक केली होती आणि ती लपवली नाही, वडिलांच्या बागेतल्या संत्रावर्गीय झाडांची छाटणी एकदम थांबवली तर फांद्या एकमेकीत गुंतल्या, कीड पडली आणि झाडं मेली. आधी छाटून वाढवलेलं झाड अचानक सोडून दिलं तर ते निसर्गाकडे जात नाही, नुसतं बेवारस होतं. तर कामं सोडा, पण एकेक करून आणि बघत बघत.

आणि कामं वाटून घ्या ताई, "मदत" म्हणून नाही, एकेक गोष्ट पूर्ण. आमच्याकडे खताचा ढीग बायकोचा. ती उपसते, तीच ठरवते. मी त्यात बोलत नाही.

ओंजळभर_माती

तीन आठवड्यांनी येतेय, सगळ्यांची उत्तरं नवऱ्याला पण वाचून दाखवली. रात्रपाळी दादा, तुमचं दोनदा वाचलं त्याने. आम्ही पण तासांची नोंद केली, माझे आठवड्याला बागेत ३१ तास आणि त्यातले ११ नुसते पाईप हातात धरून. आता पाणी आणि ढीग दोन्ही त्याच्याकडे आहे. ढीग दोघांनी मिळून उपसला, काकू, आत अक्षरशः काळा चिखल होता. पाला घालून रचला, पाचव्या दिवशी गज काढला तर हातातून सोडावा लागला! सासूबाई स्वतः बघायला आल्या, दार उघडं असतं आता.

एक नवीन अडचण आहे. दोन वाफ्यांत मी बाहेरून आणलेलं शेणखत घातलं होतं, कुठून ते लिहीत नाही, देणाऱ्यालाही माहीत नसेल. त्या दोन वाफ्यांतल्या टोमॅटोची नवी पानं आत वळतायत, वाटीसारखी, शेंडे पिळवटलेत. शेजारच्या वाफ्यात घरचं खत आहे, तिथे काही नाही. पाणी, बी सगळं एकच. रोग आहे का?

परसदार

रोग नसावा गं. तणनाशकाचा अंश असू शकतो. अमिनोपायरॅलिड, क्लोपायरॅलिड अशी काही तणनाशकं गवतावर मारतात, गवताला त्याचं काही होत नाही, रुंद पानांची झाडंच मरतात. ते गवत जनावर खातं, औषध शेणातून तसंच्या तसं बाहेर पडतं आणि खत कुजलं तरी बराच काळ टिकतं. टोमॅटो, घेवडा, वाटाणा यांना अगदी थोडं सुद्धा बाधतं.

खात्री करायची तर सहा कुंड्या घे. तिघींत घरची माती, तिघींत तीच माती आणि ते शेणखत मिसळून. सगळ्यांत घेवड्याचे तीन-तीन दाणे टोक. एकीखालचं पाणी दुसरीत जाणार नाही अशा ठेव. दोन-तीन आठवडे, तिसरं-चौथं पान येईपर्यंत बघ. खताच्या कुंड्यांतलीच पानं वळली तर ते खत भाजीला वापरू नको आणि ढिगात तर मुळीच मिसळू नको, सगळा ढीग बिघडेल. नुसतं गवत असेल तिथे पसरून दे, मातीतले जिवाणू हळूहळू ते मोडतात. पुढच्या वेळी कुठलंही बाहेरचं खत असो की गवत, आधी कुंडीत आणि मग वाफ्यात.

ओंजळभर_माती

काकू, आज विसावा दिवस. घरच्या मातीतल्या तिन्ही कुंड्यांत पानं सरळ, तळहातासारखी पसरलेली. खताच्या तिघींत सगळीच्या सगळी वळलेली, एका रोपाला तर तिसरं पान उलगडलंच नाही. मुलाने रोज पट्टीने उंची मोजून भिंतीवर लिहून ठेवलीय, शेवटचे आकडे १९ आणि ७ सेंटिमीटर. उरलेली चार पोती कुंपणाबाहेरच्या गवतात पसरतोय उद्या.

त्या दोन वाफ्यांत यंदा मका लावू का, तो गवतवर्गीय ना? आणि पालक परवा पेरलाय, दोनच ओळी.

परसदार

हो, मका चालेल. पण त्याची धाटं पण ढिगात टाकू नकोस, तिथल्या तिथेच पसर. पुढच्या वर्षी त्या वाफ्यात परत घेवडा टोकून बघ, पान सरळ आलं की मग टोमॅटो.